एक दिवस, एक नदी

रविवार जवळ आला की गोव्यातल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: कुठे जाऊया? मुलांना समुद्र हवा असतो, आजीला मंगेशी किंवा शांतादुर्गा. ज्यांचे दोन्ही करून झालेले असते, ते गाडी चोर्ला घाटाला नाहीतर आंबोलीला लावतात. घाट चढून जाण्यात गैर काहीच नाही. पण पेडण्याच्या माणसाने उसगाळीमळचे नावही ऐकलेले नसते आणि काणकोणच्या माणसाने दिवाडीच्या फेरीत पाऊल ठेवलेले नसते, हे मला फार खटकते. आपले राज्य एवढे जवळ-जवळ वसलेले असताना ते न पाहता राहावे, याला काही कारण नाही.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर, रुंदी साठ-पासष्ट. पणजीहून किंवा मडगावहून सकाळी निघालात तर राज्याच्या कुठल्याही टोकाला जाऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते. अंतराची अडचण नाहीच. सहल बिघडते ती एकाच दिवसात खूप काही कोंबल्यामुळे. सकाळी जुने गोवे, मग दोन देवळे, मसाल्याची बाग, संध्याकाळी मिरामार, अशा धावपळीत लक्षात राहते ती फक्त वाहनतळाची रांग.

म्हणून माझा सल्ला असा: ठिकाणांची यादी करू नका, एक नदी निवडा आणि दिवसभर तिच्याच काठाने फिरा. गोव्यातले जुने सगळे नदीकाठी आहे. राजधान्या, देवळे, बाजार, किल्ले, शेतीचे बांध नदीवर वसले, कारण रस्ते येण्याआधी वाट नदीचीच होती. एका नदीच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये दिवस पुरून उरेल इतके पाहण्यासारखे मिळते, आणि सगळे एकमेकांशी जोडलेले असल्याने मुलांनाही त्याची गोष्ट सांगता येते.

मांडवी: दिवाडी ते हरवळे

पहिल्यांदा निघत असाल तर मांडवीपासून सुरुवात करा. पणजीहून रायबंदरच्या कॉजवेने जा, महामार्गाने नको. हा सतराव्या शतकातला बांधीव रस्ता आहे. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी व मिठागरांची सपाट जमीन ठेवून तो सरळ जातो. जुने गोवे आले की चर्चकडे न वळता व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरा. तिथून दिवाडीची फेरी सुटते. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि पलीकडे पोचायला जेमतेम पाच मिनिटे लागतात. लहान मुलांसाठी दिवसातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच ठरतो, त्यामुळे घाई करू नका. एक फेरी चुकली तर चुकू द्या.

दिवाडीवर उतरल्यावर रस्ता शेतांतून जातो. ही खाजन जमीन आहे, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून नदीकडून मिळवलेली. या बांधांत जागोजागी मानस असते. मानशीची दारे अशी बसवलेली असतात की ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून नदीत जाते आणि भरती आली की नदीचाच दाब ती बंद करतो. इंजिन नाही, वीज नाही. खारे पाणी शेतात शिरत नाही आणि पावसाचे पाणी तुंबत नाही. शक्य असेल तर ओहोटी चालू असताना एखाद्या मानशीपाशी थांबा आणि मुलांना ते दार दाखवा. पुस्तकातल्या दाबाच्या धड्यापेक्षा ते जास्त समजते. पावसाळ्यात या जमिनीत भात असते आणि खारे सोसणारे कोरगुट हे त्यातले जुने वाण. हिवाळ्यात हीच शेते पक्ष्यांनी भरतात.

बेटाच्या मध्यभागी पिएदादची टेकडी आहे. वर चर्च आहे आणि चारी बाजूंना मांडवीची पात्रे दिसतात. चर्चशेजारच्या दफनभूमीतले जुने कपेल चुकवू नका. त्याचे कोरीव छत कदंबकालीन देवळाचे आहे. आवाज न करता, तिथल्या लोकांच्या भावना सांभाळून पाहा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां असते. त्या दिवशी बेट माणसांनी फुललेले असते. उत्सवासाठी जायचे तर तोच दिवस निवडा, शांतपणे फिरायचे तर तो टाळा.

आता खरी गोष्ट. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला जुने नार्वे आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात इथले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ मोडले आणि देव नदीपलीकडे, आजच्या डिचोली तालुक्यात नेला गेला. त्या गावालाही नार्वेच नाव मिळाले. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथले देऊळ नव्याने बांधवले आणि त्याचा शिलालेख दारावर आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने केलेला जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला. जुने गोवे, दिवाडी आणि नार्वे या दोन फेऱ्यांच्या प्रवासात तुम्ही देवाने घेतलेली वाटच चालत असता. मोटारीने पुलावरून नार्व्याला जाणाऱ्याला हे कळत नाही, म्हणून फेरीनेच जा. गोकुळाष्टमीला नार्व्याला स्नानासाठी मोठी गर्दी असते, हेही ध्यानात ठेवा.

नार्व्याहून मये जवळ आहे. तळ्याकाठी सावलीत बसून घरचा डबा खायला ही उत्तम जागा आहे. अंगात उत्साह उरला असेल तर डिचोली ओलांडून साखळीजवळच्या हरवळ्याला जा. जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, आत लिंगे आहेत, आणि जवळच धबधबा व रुद्रेश्वराचे देऊळ आहे. धबधब्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लेण्यांपाशीच थांबवा. हरवळे जमले नाही तरी दिवस अपुरा वाटणार नाही.

पक्ष्यांची आवड असेल तर वेगळा अर्धा दिवस चोडणला द्या. रायबंदरहून फेरी आहे आणि बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, सगळे खारफुटीचे. इथे वेळापत्रक ठरवते ती भरती. पाणी चढलेले असताना होडी आत शिरते, ओहोटीला उरतो तो चिखल. आदल्या दिवशी भरतीची वेळ पाहून निघा आणि ऑक्टोबर ते मार्च हा काळ धरा.

कुशावती: दगडावरच्या रेषांपासून चांदरपर्यंत

दक्षिणेतल्या वाचकांना, आणि खरे तर सगळ्यांनाच, मी कुशावतीचा आग्रह करीन. लांबीने लहान, प्रसिद्धीने त्याहून लहान, पण माणसाच्या वस्तीचा एवढा जुना माग गोव्यात दुसऱ्या नदीकाठी दाखवणे कठीण.

सकाळी लवकर निघा. मडगावहून केपे, तिळामळ, रिवण, कोळंब या वाटेने उसगाळीमळला पोचा. या जागेला पणसाईमळ असेही म्हणतात. नदीच्या वळणावर जांभ्याचा मोठा सपाट कातळ आहे आणि त्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. वशिंडाचे बैल, हरणे, माणसे, आणि एकात एक फिरत जाणाऱ्या वर्तुळांचा चक्रव्यूह. १९९३ मध्ये त्या अभ्यासकांसमोर आल्या. किती हजार वर्षांच्या, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण त्या लिपीच्या कितीतरी आधीच्या आहेत. लवकर जायचे कारण उजेडाचे. रेषा उथळ आहेत. सूर्य डोक्यावर आला की दगड सपाट दिसू लागतो. सकाळचे तिरपे ऊन पडले की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि बैलाची पाठ उठून दिसते. पावसाळ्यात नदी कातळावर चढते, त्यामुळे नोव्हेंबर ते मे बरा. राखणदार असेल तर त्याच्याकडून समजून घ्या, चप्पल काढून कडेकडेने चाला. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडूने किंवा दगडाने गिरवण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. जांभा मऊ असतो आणि झिजलेली रेषा परत येत नाही.

परतताना रिवणची लेणी लागतात. गावकरी त्यांना पांडवांची म्हणतात, अभ्यासक त्यांचा संबंध बौद्ध भिक्षूंशी जोडतात. बाजूला पाण्याचा झरा आहे. आत अंधार असतो, बॅटरी हवीच. केपे गाठेपर्यंत जेवणाची वेळ होते. केप्यात चर्चसमोर, कुशावतीच्याच काठी, १७८७ मधला डीनचा वाडा आहे. ज्या पाद्रीने तो बांधला त्यानेच हे गाव वसवले. आधी कळवून गेलात तर आतून पाहायला मिळतो.

दुपार चांदरसाठी ठेवा. आजचे हे शांत गाव म्हणजे जुने चंद्रपूर. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी इथे होती. कोट भागात १९२९ मध्ये फादर हेरास यांनी उत्खनन केले. विटांच्या शिवमंदिराचा पाया आणि डोके तुटलेला नंदी तिथे आजही उघड्यावर आहे. फार कमी लोक तिकडे वळतात. बहुतेक जण चर्चसमोरच्या मिनेझिस ब्रागांझा वाड्यातूनच परत जातात. वाडा पाहावा असाच आहे: लांबच लांब दर्शनी भाग, नाचाचे दालन, ग्रंथसंग्रह. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे हे घर. गोव्यातल्या पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या, १९०० मधल्या ‘ओ हेराल्दो’च्या संस्थापकांपैकी ते एक, आणि पोर्तुगीज सत्तेवर सडेतोड लिहिणारे. वाडा दोन कुटुंबांत विभागलेला आहे. दोन्हीकडे देणगी द्यावी लागते, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. घरात माणसे राहतात, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि नंदीपाशी जाऊन या. ज्या राजधानीवर हे सगळे उभे राहिले, तिची तेवढीच खूण उघडी आहे.

उन्हे उतरली की पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत. डोंगराच्या माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. गाडीरस्ता बराच वर जातो, पुढे पायऱ्या. वरून सासष्टीची माडाची सपाटी आणि पलीकडे समुद्र दिसतो. काळोख पडण्याआधी उतरायला लागा.

तांबडी सुर्ल

हा दिवस रानाचा. भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर कदंबांचे महादेव मंदिर आहे, बाराव्या-तेराव्या शतकातले. गोव्यात दगड मिळतो तो जांभा, आणि त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. हे देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचे आहे. तो दगड घाटापलीकडून आणला असावा असे मानतात. एवढ्या आत असल्यामुळेच ते मोडतोडीतून वाचले. लहान आहे, म्हणून दहा मिनिटांत पाहून निघणारे खूप. तसे करू नका. सभामंडपातल्या खांबांवरचे काम सावकाश पाहा, मग बाहेर फिरून शिखर पाहा, मग ओढ्याकाठी बसा. सकाळी तिथे पक्षी भरपूर असतात. फोनला रेंज मिळेल हे धरून चालू नका आणि पेट्रोल आधीच भरून घ्या. पावसाळ्यात जळवा असतात. मीठ किंवा हळद-तेल बरोबर ठेवा.

याच भागातला दूधसागर तुम्हाला माहीतच आहे. ३१० मीटर उंचीचा हा धबधबा पाहायला कुळेहून जीप जातात. त्या साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि पावसाळ्यात बंद असतात. रेल्वेरुळांवरून चालत जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. एकाच दिवसात तांबडी सुर्ल आणि दूधसागर करणारे लोक दोन्हीकडे फक्त हजेरी लावतात. वेगळे दिवस ठेवा. लहान मुले बरोबर असतील तर दूधसागराऐवजी बोंडला जास्त सोयीचे. फक्त ते गुरुवारी बंद असते.

तेरेखोल

उत्तरेच्या टोकाला अर्धा दिवसही पुरतो. केरीच्या किनाऱ्यावरून फेरीने नदी ओलांडली की तेरेखोल गाव. नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्याचे, तिन्ही बाजूंनी सिंधुदुर्गाला आणि पाण्याला लागून. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला. मुलांना हे तिथेच, तटाजवळ उभे करून सांगा. पुढे हद्द ओलांडून रेडीचा गणपती आणि यशवंतगड जोडता येतो. यशवंतगडाच्या भिंतींना मुळांनी घातलेला विळखा पाहण्यासारखा आहे.

जाण्यायेण्याचे आणि खाण्याचे

स्वतःचे वाहन नसेल तर मांडवीचा पहिला टप्पा बसने अगदी सहज होतो. पणजी ते जुने गोवे बसची वाट फारशी पाहावी लागत नाही आणि दिवाडीवर चालत किंवा सायकलने फिरता येते. काणकोण, थिवी, पेडणे या बाजूंना कोकण रेल्वे आहे. सांगे, केपे, सत्तरीच्या आतल्या गावांत मात्र बस मोजक्या, आणि रविवारी त्याहून कमी. उतरताना कंडक्टरलाच शेवटच्या परतीच्या बसची वेळ विचारून घ्या. फेरीचेही तसेच: धक्क्यावर शेवटच्या फेरीची वेळ विचारल्याशिवाय बेटावर जाऊ नका. चार माणसे मिळून टॅक्सी ठरवत असाल तर भाडे दिवसाचे आणि निघण्यापूर्वी ठरवा.

सकाळी घरून खाऊन निघण्यापेक्षा वाटेतल्या टपरीवर भाजी-पाव खा. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्ही मिसळून, बरोबर मिरची-भजी किंवा बन. हे पदार्थ साडेनऊ-दहाला संपलेले असतात, त्यामुळे लवकर निघायला तेही एक कारण. दुपारी तालुक्याच्या गावात कुठेही शीत-कडीचे ताट मिळते. दिवाडी, उसगाळीमळ, तांबडी सुर्ल इथे मात्र खाण्याची सोय धरून चालू नका. सहल गुरुवारी असेल तर बाणस्तारीचा आणि शुक्रवारी असेल तर म्हापशाचा बाजार वाटेत करा. गावठी भाज्या, केळी, सुके मासे घरी येतात. आणि कागदी पिशव्या, बाटल्या, उष्टे बरोबर परत आणा. व्हाळात टाकलेली बाटली तिथेच थांबत नाही, ती खाजनात जाऊन अडकते.

पावसात

पावसाळा हा गोवा पाहण्याचा सर्वांत सुंदर काळ, आणि दर वर्षी बुडून माणसे जाण्याचाही. त्यात बहुतेक तरुण असतात. म्हणून हे स्पष्ट लिहितो. जून ते सप्टेंबर धबधब्याखाली, कोंडीत, बंद खाणींच्या तळ्यांत उतरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर घाटात पाऊस पडत असतो आणि व्हाळाचे पाणी काही मिनिटांत चढते. शेवाळ धरलेल्या जांभ्यावर उभेही राहता येत नाही. समुद्रावर लाल बावटा असेल तर पायही भिजवू नका. प्रशासन दर पावसाळ्यात काही धबधब्यांवर प्रवेशबंदी घालते. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश वर्तमानपत्रात पाहा. पट्टीचा पोहणारा बरोबर आहे, हे कारण पुरेसे नाही.

पावसात जायचेच तर सांग्याला साळावली धरणावर जा. जलाशय भरला की जादा पाणी गोल तोंडाच्या सांडव्यात सगळीकडून एकाच वेळी कोसळते. चहुबाजूंनी पाणी पोटात घेणारा तो प्रचंड गोल पाहायला कठड्याच्या आत सुरक्षित जागा आहे, आणि शेजारी बाग आहे. भरून वाहायला लागल्याची बातमी बहुधा जुलैत येते. ती आली की जा, पण शनिवार-रविवार सोडून.

या धरणाने दक्षिण गोव्याला पाणी दिले आणि त्यासाठी १९८० च्या दशकात कुर्डी गाव पाण्याखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव. त्यांचा जन्म १९०४ मध्ये तिथे झाला. कुर्डीचे कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभे केले. साळावलीला गेलात की तेही पाहा, गाडीतल्या बऱ्याच जणांना त्याची माहिती नसते. आणि त्याच जलाशयाकडे उन्हाळ्यात पुन्हा या. एप्रिलअखेरीपासून पाणी ओसरते आणि मे महिन्यात गाव उघडे पडते: घरांचे चौथरे, रस्ते, माडांचे बुंधे. जुने गावकरी त्या दिवसांत सोमेश्वराच्या उत्सवाला आणि कपेलच्या फेस्ताला एकत्र येतात. त्यांच्यासाठी ही सहल नसते, तेव्हा कुणी बोलले तर ऐका, चौथऱ्यांवर चढून फोटो काढू नका, तिथला दगड-विटेचा तुकडाही उचलू नका. सावली जवळजवळ नाही. सकाळी आठच्या आत पोचा, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी ठेवा, दहा-साडेदहाला निघा. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर गाळ खचतो. गाडी पक्क्या रस्त्यावरच थांबवा आणि पुढे चालत जा.